पारसीबागान गल्लीतील मनोवैद्य : डॉ. गिरींद्रशेखर बोस

देहाला झालेली जखम दिसते. तिच्यावर मलमपट्टी करता येते, आणि शेजारीपाजारीही येऊन आस्थेने विचारपूस करून जातात. मनाला झालेली जखम मात्र कोणाला दिसत नाही. जे दिसत नाही, त्याला बाहेरची बाधा म्हणायचे आणि अंगारेधुपारे करायचे, अथवा वेड म्हणायचे आणि त्या माणसाची बोळवण करायची, असे दोनच मार्ग आपल्या समाजाला दीर्घकाळ ठाऊक होते. मराठी मुलखात ठाणे आणि येरवडा या गावांची नावे कित्येक पिढ्या एका विशिष्ट अर्थाने, आणि तीही थट्टेने, घेतली जात आली. थट्टेच्या तळाशी बहुधा भय असते. हे भय बाजूला सारून मनोरुग्णाजवळ बसावे, त्याचे बोलणे अखेरपर्यंत ऐकावे, त्याच्या असंबद्ध वाटणाऱ्या शब्दांतही काही संगती शोधावी, हे ज्यांनी आपले जीवितकार्य मानले असा एक भारतीय वैद्य विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कलकत्त्यात होऊन गेला. भारतातील मनोविश्लेषणाचे आद्य प्रवर्तक डॉ. गिरींद्रशेखर बोस हे त्यांचे नाव. बंगालमध्ये आणि मानसशास्त्राच्या अभ्यासकांमध्ये ते सुविख्यात आहेत. मराठी वाचकाला मात्र त्यांचे चरित्र जितके परिचित असावे तितके ते नाही.

गिरींद्रशेखरांचा जन्म ३० जानेवारी १८८७ रोजी झाला. त्यांचे वडील चंद्रशेखर बोस हे बिहारमधील दरभंगा संस्थानाचे दिवाण होते. संस्थानी कारभार सांभाळूनही त्यांचे मन वेदान्ताच्या चिंतनात रमत असे. घरात ग्रंथांचा वावर होता. सुशिक्षित बंगाली कुटुंबात त्या काळी जो एक दुहेरी संस्कार आढळे, एका हाताला उपनिषदे आणि दुसऱ्या हाताला पाश्चात्त्य विज्ञान, तो या घरातही होता. गिरींद्रशेखरांचे वडील बंधू राजशेखर हे पुढे ‘परशुराम’ या टोपणनावाने बंगालीतील श्रेष्ठ विनोदी लेखक म्हणून गाजले. त्यांनी बंगाली शब्दकोश रचला, आणि बंगाल केमिकल या कारखान्याची धुराही वाहिली. रसायनशास्त्र, कोशरचना आणि विनोद या तीन गोष्टी एका भावाच्या ठिकाणी सुखाने नांदल्या. वैद्यक, तत्त्वज्ञान आणि मनाचा शोध या तीन दुसऱ्याच्या ठिकाणी.

कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्राचा अभ्यास केल्यावर गिरींद्रशेखर वैद्यकाकडे वळले आणि १९१० साली वैद्यकीय पदवी घेऊन त्यांनी व्यवसायास आरंभ केला. विद्यार्थिदशेपासून त्यांना संमोहनविद्येचे आकर्षण होते. जादूच्या प्रयोगांतही त्यांना रस होता. पण गंमत म्हणून हाती घेतलेल्या या विद्येतून त्यांच्यापुढे एक गंभीर प्रश्न उभा राहिला. संमोहनाच्या अवस्थेत माणूस ज्या गोष्टी बोलतो, ज्या आज्ञा पाळतो, त्यांची जागेपणी त्याला काहीच आठवण राहत नाही. मग त्या वेळी बोलणारे ते कोण असते? जागृत मनाच्या आड आणखी एक मन असते काय? दवाखान्यात येणाऱ्या रोग्यांपैकी काहींची दुखणी अशी असत की नाडी, जीभ, छाती तपासून त्यांचा उलगडा होत नसे. अशा रोग्यांवर गिरींद्रशेखर संमोहनाचे उपचार करू लागले, आणि हळूहळू त्यांच्या ध्यानात आले की रोग्याला निजवून त्याच्यावर आज्ञा बिंबवण्यापेक्षा त्याला जागे ठेवून बोलते करणे अधिक गुणकारी ठरते.

नेमक्या याच वाटेने काही वर्षे आधी व्हिएन्नातील एक वैद्य चालून गेला होता. सिग्मंड फ्रॉइड यांनीही प्रारंभी संमोहनाचा आश्रय घेतला होता. त्यांचे ज्येष्ठ स्नेही योसेफ ब्रॉयर यांनी एका तरुण रुग्ण स्त्रीवर उपचार करताना असा अनुभव घेतला होता की, विसरलेला एखादा क्लेशकारक प्रसंग तिने भावनेसह बोलून दाखवला की त्या प्रसंगाशी जोडलेले लक्षण मावळे. या दोघांनी मिळून उन्मादावर लिहिलेला ग्रंथ १८९५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे फ्रॉइडनी संमोहन सोडले आणि रोग्याला मनात येईल ते, निवड न करता, संकोच न बाळगता बोलू देण्याची पद्धत स्वीकारली. तिलाच मुक्त साहचर्य म्हणतात. तिच्यामागचा विचार थोडक्यात असा : माणसाच्या काही इच्छा त्याच्या स्वतःच्याच नीतिबुद्धीला इतक्या असह्य असतात की मन त्यांना जाणिवेच्या उंबऱ्याबाहेर लोटते. या क्रियेला दमन म्हणतात. पण लोटलेली इच्छा मरत नाही. ती नेणिवेत जिवंत राहते आणि स्वप्न, बोलण्यातील चूक किंवा रोगलक्षण अशा वेषांतराने परत येते. लक्षण म्हणजे निव्वळ बिघाड नव्हे. ते रुग्णाने नकळत केलेले एक निवेदन असते. ते उलगडले आणि रुग्णाने त्याचा स्वीकार केला, तर त्या वेषांतराची गरज उरत नाही. उपचारकाविषयी रोग्याच्या मनात जे प्रेम, राग आणि भय दाटून येते, तेही जुन्या नात्यांचीच पुनरावृत्ती असते; म्हणून त्याचाही उलगडा उपचारात करावा लागतो. मनोविकारांकडे पाहण्याची ही जी गतिशील दृष्टी, तिचा पाया असा घातला गेला.

ही पुस्तके इंग्रजीत येऊन कलकत्त्यास पोहोचेपर्यंत काही काळ गेला. गिरींद्रशेखरांनी ती वाचली तेव्हा त्यांना एकाच वेळी आनंद आणि थोडी खंतही वाटली असल्यास नवल नाही. आपण एकट्याने शोधलेल्या पाऊलवाटेवर दुसऱ्याने आधीच सडक बांधली आहे, हे कळण्याचा तो क्षण होता. परंतु त्यांनी वाट सोडली नाही, अथवा दुसऱ्याच्या सडकेवर डोळे मिटून चालणेही पत्करले नाही. कलकत्ता विद्यापीठात सर आशुतोष मुखर्जी यांच्या प्रेरणेने प्रायोगिक मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग नुकताच निघाला होता, आणि हार्वर्डमध्ये शिकून आलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त त्याचे प्रमुख होते. व्यवसायात स्थिरावलेल्या या वैद्याने तिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा विद्यार्थी होऊन १९१७ मध्ये मानसशास्त्राची एम.ए. पदवी मिळवली, आणि लगोलग त्याच विभागात ते अध्यापन करू लागले. १९२१ साली दमनाच्या संकल्पनेवरील त्यांच्या प्रबंधाला विद्यापीठाने डी.एस्सी. ही पदवी दिली. भारतीय विद्यापीठाने मानसशास्त्रात दिलेली ही पहिली डॉक्टरेट मानली जाते.

प्रबंध पुस्तकरूपाने प्रसिद्ध होताच गिरींद्रशेखरांनी त्याची एक प्रत व्हिएन्नाला फ्रॉइडकडे पाठवली. एवढ्या दूरच्या देशात आपल्या शास्त्राचा इतका बारकाईने विचार झालेला पाहून फ्रॉइड चकित झाले, आणि त्यांनी तसे मोकळेपणाने कळवले. येथून जो पत्रव्यवहार सुरू झाला तो १९३७ पर्यंत चालला. आश्चर्य असे की या दोघांची भेट कधीच झाली नाही. मनोविश्लेषक होऊ इच्छिणाऱ्याने आधी स्वतः दुसऱ्या विश्लेषकाकडून आपल्या मनाचे विश्लेषण करून घ्यावे, हा दंडक युरोपात त्याच काळात रुजत होता. कलकत्त्यात असा विश्लेषक आणायचा कोठून? गिरींद्रशेखरांनी स्वतःच स्वतःचे मन तपासले. खुद्द फ्रॉइडनीही तसेच केले होते, त्यामुळे या प्रयत्नाला कमी लेखणे कोणाला शक्य नव्हते.

१९२२ च्या जानेवारीत, कलकत्त्यातील १४ पारसीबागान लेन या बोस बंधूंच्या घरी, भारतीय मनोविश्लेषण संस्थेची स्थापना झाली. आंतरराष्ट्रीय संघटनेची धुरा तेव्हा अर्नेस्ट जोन्स यांच्याकडे होती. त्यांच्या साह्याने संस्थेला त्या संघटनेची मान्यता मिळाली. पॅरिसमधील मनोविश्लेषण संस्था १९२६ मध्ये निघाली, हे ध्यानात घेतले म्हणजे कलकत्त्याचे हे पाऊल किती लवकर पडले होते ते कळते. संस्थेचे आरंभीचे सभासद पंधरा. त्यांतील बहुतेक महाविद्यालयांत मानसशास्त्र किंवा तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक होते, आणि काही लष्करी वैद्यकसेवेतील अधिकारी होते. गिरींद्रशेखर संस्थेचे अध्यक्ष झाले, आणि ते पद अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिले.

पारसीबागानमधील हे घर एरवीही गजबजलेले असे. राजशेखरांच्या भोवती जमणाऱ्या साहित्यिकांचा आणि कलावंतांचा अड्डा तेथेच भरे. ‘परशुरामां’च्या विनोदी कथांना चित्रे काढणारे यतींद्रकुमार सेन हे त्यांपैकी एक. फ्रॉइडचे छायाचित्र जवळ नसताना केवळ त्यांचे ग्रंथ वाचून हा माणूस कसा दिसत असेल, याची कल्पना करून सेन यांनी एक चित्र रेखाटले, आणि गिरींद्रशेखरांनी ते व्हिएन्नाला धाडले. चित्रातला मनुष्य फ्रॉइडना चक्क इंग्रज वाटला! प्रसंग गमतीचा खरा, पण त्यात काळाचे एक सत्यही उतरले आहे. परतंत्र देशातील कलावंताला पाश्चात्त्य ज्ञानपुरुष म्हटला की राज्यकर्त्यांचाच चेहरा आठवावा, आणि तो ज्ञानपुरुष मात्र आपल्याच शहरात उपेक्षा सोसणारा एक ज्यू असावा, हा दैवाचा खेळ म्हणावा लागेल.

गिरींद्रशेखरांच्या पुढील खरी कसोटी याच संदर्भात होती. संस्थेच्या आरंभीच्या सभासदांत दोन ब्रिटिश अधिकारी होते. रांची येथील युरोपीय मनोरुग्णालयाचे अधीक्षक ओवेन बर्कली-हिल हे एक, आणि लष्करातील क्लॉड डँगर डॅली हे दुसरे. दोघांनाही मनोविश्लेषणाची खरी आवड होती. परंतु त्यांनी हिंदूंचा धर्म, त्यांच्या देवता आणि त्यांचा स्वभाव यांवर जे निबंध लिहिले, त्यांत एका अख्ख्या समाजालाच रोगी ठरवण्याची प्रवृत्ती उघड दिसते. कालीची उपासना, शौचाचे नियम, राजकीय चळवळीतील त्वेष, यांपैकी कशाचेही मूळ बालपणीच्या विकृतीत दाखवता येते आणि मग राज्यकर्त्यांच्या सत्तेला जणू वैद्यकीय आधार मिळतो. ज्या शास्त्राने रुग्णाला माणूस म्हणून ऐकायला शिकवले, तेच शास्त्र असे एका देशाला खाटेवर निजवून त्याच्याविषयी परस्पर निदान सांगण्याच्या कामी येऊ शकत होते. हा धोका काल्पनिक नव्हता, तो संस्थेच्या बैठकीतच बसला होता.

गिरींद्रशेखरांनी या गृहस्थांशी भांडण मांडले नाही. त्यांना संस्थेतून घालवलेही नाही. त्यांचे उत्तर वेगळ्या प्रकारचे होते. समाजाविषयी ठोकळ सिद्धांत मांडण्याऐवजी त्यांनी समोरच्या रुग्णाकडे लक्ष दिले. बंगाली रुग्णाशी ते बंगालीतून बोलत, आणि त्याच्या घरातील नाती, त्याच्या पुराणकथा, त्याच्या प्रतिमा या त्यांना बाहेरून शिकाव्या लागत नव्हत्या. वर्षानुवर्षे असे ऐकत असताना त्यांना आढळले की व्हिएन्नातील काही निष्कर्ष येथे तंतोतंत लागू पडत नाहीत. ही तफावत त्यांनी रुग्णाची चूक मानली नाही. सिद्धांताचीच पुन्हा तपासणी करावयास हवी, असे ठरवले. त्यातूनच त्यांचा स्वतःचा सिद्धांत आकारास आला.

परस्परविरुद्ध इच्छांचा सिद्धांत म्हणून तो ओळखला जातो. त्याचे सार असे : मनात कोणतीही इच्छा एकटी जन्मत नाही; तिच्या पाठोपाठ तिची उलट इच्छाही जन्म घेते. मारण्याच्या इच्छेबरोबर मार खाण्याची, प्रेम करण्याच्या इच्छेबरोबर प्रेम करवून घेण्याची, पाहण्याच्या इच्छेबरोबर पाहिले जाण्याची. या जोडीतील एक इच्छा जाणिवेत नांदते आणि दुसरी नेणिवेत दबून राहते. समजा, एखाद्या माणसाला आपल्यावर कोणीतरी हल्ला करील असे अकारण भय सतत ग्रासते. गिरींद्रशेखरांच्या मते त्या भयाच्या आड, त्याला स्वतःला कोणावर तरी हात उगारायचा आहे, ही दडपलेली इच्छा असू शकते. तेव्हा उपचार असा करायचा की रुग्णाने कल्पनेने आधी एक भूमिका घ्यावी, मग तिच्या उलट भूमिकेत शिरावे, पुन्हा पहिलीत यावे. बागेतील फळीचा झोपाळा जसा एकदा या टोकाला आणि एकदा त्या टोकाला वर जातो, तसे मनाला दोन्ही टोकांचा अनुभव देत राहायचे. असे करता करता दबलेली इच्छा उजेडात येते, आणि दोहोंचा समतोल साधतो. फ्रॉइडच्या पद्धतीत विश्लेषक बहुतांशी मौन पाळून वाट पाहतो. गिरींद्रशेखरांच्या पद्धतीत तो अधिक पुढाकार घेतो आणि रुग्णाला मार्गही दाखवतो.

या विचारात एक नैतिक आशयही दडलेला आहे. मारणाऱ्याच्या अंतरंगात मार खाणाऱ्याचाही वास असतो, म्हणूनच आपल्याला दुसऱ्याचे दुःख कळते. सहानुभूती, सदसद्विवेक आणि न्यायबुद्धी यांचा उगम गिरींद्रशेखरांनी या दुहेरीपणातच पाहिला. निरोगी मन म्हणजे इच्छा नसलेले मन नव्हे; समोरच्याच्या जागी उभे राहू शकणारे मन ते निरोगी मन. उपनिषदांचा आणि गीतेचा व्यासंग असलेल्या वैद्याच्या हातून मनोविश्लेषणाला असे वळण मिळाले, यात अस्वाभाविक असे काही नाही.

१९२९ मध्ये गिरींद्रशेखरांनी आपले अनेक निबंध फ्रॉइडकडे पाठवले आणि मतभेद स्पष्टपणे मांडले. मुलाचे आईवरील प्रेम आणि वडिलांविषयीचे वैर यांतून जो गंड निर्माण होतो, त्याचा शेवट फ्रॉइडच्या मते पित्याच्या शिक्षेच्या भयाने होतो. गिरींद्रशेखरांनी लिहिले की भारतीय पुरुषरुग्णांत हे भय युरोपीय रुग्णांइतके तीव्र दिसत नाही. उलट स्त्री होण्याची, आईशी एकरूप होण्याची इच्छा त्यांच्यात अधिक सहजपणे वर येते. भयाने दबून जाऊन नव्हे, तर या दोन्ही इच्छा पुरत्या ओळखून आणि पित्याच्या जागी स्वतःला उभे करूनच मुलगा त्या गंडातून सुटतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्यांच्या मतांना छेद दिला म्हणून युंग आणि अॅडलर यांच्यासारखे सहकारी दुरावले, त्या फ्रॉइडना हे लिहिणे सोपे नव्हते. फ्रॉइडनी हा सिद्धांत स्वीकारला नाही. पण तो उडवूनही लावला नाही. परस्परविरुद्ध इच्छांच्या सहअस्तित्वाकडे आपल्याकडून पुरेसे लक्ष दिले गेले नाही, याची त्यांनी दखल घेतली. मतभेद राहिला आणि स्नेहही राहिला.

त्या स्नेहाची एक खूण आजही पाहावयास मिळते. १९३१ मध्ये फ्रॉइडना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा कलकत्त्याच्या संस्थेने त्यांना हस्तिदंतात कोरलेली, शेषासनावर बसलेल्या विष्णूची मूर्ती भेट पाठवली. प्राचीन मूर्ती जमवण्याचा नाद असलेल्या फ्रॉइडनी ती आपल्या लिहिण्याच्या मेजावर ठेवली. पुढे तिला बारीक तडे गेलेले पाहून, कलकत्त्याच्या हवेची सवय असलेल्या देवाला व्हिएन्नाची हवा मानवत नाही की काय, अशी मिस्कील शंका त्यांच्या मनात आली. दोनच वर्षांनी, १९३३ मध्ये, बर्लिनच्या चौकात फ्रॉइडच्या ग्रंथांची होळी झाली. १९३८ मध्ये वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्यांना व्हिएन्ना सोडून लंडनला आश्रय घ्यावा लागला, आणि पुढच्याच वर्षी ते निवर्तले. त्यांच्या सामानाबरोबर ती मूर्तीही लंडनला गेली, आणि तेथील फ्रॉइड संग्रहालयात ती जपलेली आहे. त्याच सुमारास इटलीतील ज्यूविरोधी कायद्यांमुळे देश सोडलेले एमिलिओ सर्वादिओ हे मनोविश्लेषक मुंबईत आले, आणि युद्धकाळात त्यांच्या सहवासात तेथेही काही अभ्यासक तयार झाले. कलकत्त्यात लावलेल्या रोपाची दुसरी फांदी अशी मुंबईत फुटली.

गिरींद्रशेखर केवळ सिद्धांतकार असते, तर त्यांचे नाव ग्रंथांच्या तळटिपांतच राहिले असते. पण मुळात ते वैद्य होते. मनोविश्लेषण हा दीर्घकाळ चालणारा आणि म्हणून खर्चिक उपचार आहे. तो केवळ संपन्न घरांपुरता राहील, हे त्यांना दिसत होते. १९३३ मध्ये कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात, म्हणजेच पुढच्या आर. जी. कर मेडिकल कॉलेजात, त्यांनी मनोविकारांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. सर्वसाधारण रुग्णालयातील अशा प्रकारची ही भारतातील पहिली सोय मानली जाते. तिचे महत्त्व मोठे होते. तोवर मनोरुग्णाच्या वाट्याला उंच भिंतींचे इस्पितळ, कुलूप आणि कायद्याची कागदपत्रे येत. आता खोकल्याच्या किंवा तापाच्या रोग्याप्रमाणेच मनाचा रोगीही दुपारी दवाखान्यात येऊन, औषधपाणी घेऊन, संध्याकाळी घरी परतू शकत होता.

१९४० मध्ये त्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. तिळजला येथे राजशेखरांनी दिलेल्या जागेत संस्थेतर्फे एक छोटे मनोरुग्णालय उघडले. त्याचे नाव लुंबिनी पार्क. दुःखाचे मूळ शोधणाऱ्या बुद्धाचे जन्मस्थान या नावाशी जोडलेले आहे. कालांतराने ते सरकारी रुग्णालय झाले. १९४७ मध्ये ‘समीक्षा’ हे संस्थेचे नियतकालिक निघाले, आणि मतिमंद मुलांसाठीही संस्थेने शाळा काढली. विद्यापीठातील मानसशास्त्र विभागाची जबाबदारी, सेनगुप्त लखनौला गेल्यानंतर, गिरींद्रशेखरांनीच वाहिली. तरुणचंद्र सिन्हा यांच्यासारखे शिष्य त्यांच्या हाताखाली तयार झाले आणि त्यांनी संस्थेची परंपरा पुढे चालवली.

लुंबिनी पार्कच्या इतिहासातील एक प्रकरण मन विषण्ण करणारे आहे. ज्या जानेवारीत पारसीबागानमध्ये मनोविश्लेषण संस्था जन्मली, त्याच जानेवारीत काझी नझरूल इस्लाम यांची ‘विद्रोही’ ही कविता छापून आली होती आणि तिने बंगाल दणाणून सोडला होता. वीस वर्षांनी, १९४२ मध्ये, या कवीची वाचा आणि स्मृती हरपू लागली. त्याला लुंबिनी पार्कमध्ये आणण्यात आले आणि काही महिने गिरींद्रशेखरांच्या देखरेखीखाली ठेवण्यात आले. गुण आला नाही. बोलण्यातून बरे करणारी विद्या, आणि समोर बोलणेच हरवून बसलेला कवी! १९५३ च्या अखेरीस नझरूलना व्हिएन्नाला नेण्यात आले, तेव्हा तेथील वैद्यांनी मेंदूची तपासणी करून हा मेंदूच झिजत जाण्याचा, पिक यांच्या नावाने ओळखला जाणारा आजार असल्याचे निदान केले. त्यावर उपाय नव्हता. फ्रॉइडच्या नगरीतूनच हे उत्तर यावे, आणि ते ऐकण्यास गिरींद्रशेखर हयात नसावेत, असा तो योग होता. मनाच्या प्रत्येक विकाराचे मूळ दडपलेल्या इच्छेत नसते, हे सत्य या प्रकरणाने अधोरेखित केले आहे.

गिरींद्रशेखरांनी इंग्रजीइतकेच बंगालीतही लिहिले. सामान्य वाचकासाठी स्वप्नांवरील ‘स्वप्न’ हे पुस्तक, गीतेवरील भाष्य, पुराणांच्या अभ्यासाचा ‘पुराण प्रवेश’ हा ग्रंथ, योगसूत्रांचे विवेचन, आणि काळ्या व तांबड्या मुंग्यांच्या लढाईची ‘लाल कालो’ ही मुलांची गोष्ट, एवढा त्यांच्या लेखणीचा विस्तार होता. पाश्चात्त्य शास्त्रातील संज्ञांना त्यांनी बंगाली प्रतिशब्द घडवले. शास्त्र मातृभाषेत आल्यावाचून ते समाजाचे होत नाही, अशी त्यांची धारणा होती. मनोरुग्णाच्या बाबतीत तर ही धारणा उपचाराचाच भाग ठरते, कारण माणूस स्वप्न पाहतो आणि रडतो ते आपल्या भाषेत. ३ जून १९५३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना काही गोष्टी मोकळेपणाने नमूद करणे इष्ट आहे. फ्रॉइडच्या अनेक सिद्धांतांवर पुढील काळात कठोर टीका झाली. १९५० नंतर औषधांच्या शोधांनी मनोविकारचिकित्सेचे स्वरूपच पालटले, आणि तीव्र मनोविकारांत आज औषधांवाचून भागत नाही. आठवड्यातून अनेक दिवस, वर्षानुवर्षे चालणाऱ्या विश्लेषणाची जागा पुष्कळ ठिकाणी मोजक्या बैठकांच्या उपचारांनी घेतली आहे. परस्परविरुद्ध इच्छांचा सिद्धांतही भारताबाहेर फारसा पसरला नाही, आणि भारतातही तो मोजक्या शिष्यांपुरताच राहिला. गुरू म्हणून गिरींद्रशेखरांचा अधिकार संस्थेत इतका मोठा होता की त्यांच्याशी मतभेद मांडणारा शिष्य तेथे सहसा निपजला नाही. ज्या स्वातंत्र्याने ते स्वतः फ्रॉइडशी बोलले, त्या स्वातंत्र्याचा वारसा त्यांच्या भोवतीच्या मंडळींत तितकासा उतरला नाही, ही त्यांच्या कार्याची मर्यादा मानावी लागते.

तरीही जे उरते ते थोडे नाही. परक्याचे ज्ञान आपल्याकडे येते तेव्हा त्यापुढे नतमस्तक व्हावे किंवा त्याचा अव्हेर करावा, या दोन टोकांमध्ये पराधीन समाजाचे मन हेलकावत असते. गिरींद्रशेखरांनी या दोन्ही टोकांना नकार दिला. त्यांनी फ्रॉइडची पद्धत घेतली, तिच्याविषयी कृतज्ञता जन्मभर बाळगली, आणि आपल्या रुग्णांनी जे सांगितले ते त्या पद्धतीत बसेना तेव्हा रुग्णांवरच विश्वास ठेवला. व्हिएन्नातील ग्रंथ आणि कलकत्त्यातील रुग्ण यांत विसंवाद झाला तर खरे कोणाला मानायचे, हा त्यांच्या आयुष्यातला मूळ प्रश्न होता, आणि त्यांनी त्याचे उत्तर पारसीबागानच्या घरात, कारमायकेलच्या दवाखान्यात आणि लुंबिनी पार्कच्या आवारात रोजच्या कामातून दिले. पारसीबागान लेनच्या त्याच पत्त्यावर त्यांनी स्थापन केलेली संस्था पुढेही काम करीत राहिली. वेडा म्हणून ज्याच्याकडे पाठ फिरवली जाते, त्याच्यापाशी बसून त्याचे म्हणणे ऐकणारे कोणीतरी असावे, एवढ्यासाठी ती उभी राहिली होती.